मागच्या सीटवरचा वास

रामहरी तात्यांची अँबेसिडर गॅरेजच्या दारात आली की चाँदभाईंच्या कपाळाची शीर आपोआप उडायला लागायची. वळून बघायचीसुद्धा गरज नव्हती, आधी वास यायचा. इंदापूर रस्त्यानं बारामतीत शिरायच्या अलीकडं डाव्या हाताला चाँदभाईंचं गॅरेज. तीस-बत्तीस वर्षं हा माणूस गाड्यांच्या पोटात डोकं घालून बसलेला. जळून बाहेर पडलेल्या पेट्रोलचा वास कुठला आणि टाकीतनं गळणाऱ्या कच्च्या पेट्रोलचा कुठला, हे त्यांना झोपेतही कळायचं. तात्यांच्या गाडीला कच्चा वास यायचा. आणि तात्या म्हणायचे, कुठला वास?

हे ‘कुठला वास’ ऐकून ऐकून चाँदभाईंचे कान किटले होते. तात्या पडले तपकीर ओढणारे. सत्तरीचा माणूस, पन्नास वर्षं दिवसातनं दहा वेळा नाकात चिमूट कोंबलेली. त्या नाकाखाली आता गुलाब धरा नाहीतर शेण धरा, दोन्ही सारखंच. पण हे त्यांना सांगणार कोण? वरकुट्याच्या या गृहस्थांचं म्हणणं एकच होतं, की गाडी त्र्याण्णव साली घेतली, तिनं कधी वाटेत दगा दिला नाही, आणि ज्याला वास येतो त्यानं जाऊन आपलं नाक डॉक्टरला दाखवावं.

त्या मंगळवारी दुपारी मात्र गाडी आचके देत आली. तात्या टोपी सरळ करत खाली उतरले आणि रामराम नाही, श्यामश्याम नाही, थेट हुकूम सोडला की टाकीला साबण लाव आणि सोड, वाटेत दोनदा बंद पडली.

आता हा साबण म्हणजे काय ते सांगायला हवं. जुन्या टाकीला गंजून सुईएवढं भोक पडलं, की कपडे धुवायच्या साबणाची वडी त्यावर दाबून घासायची. साबण पेट्रोलात विरघळत नाही, भोक बुजतं. पण बुजतं म्हणजे किती, तर गाडी घरी नेण्यापुरतं. आणि ही विद्या तात्यांना शिकवली कुणी? चाँदभाईंनीच. दोन वर्षांपूर्वी गॅरेजात चार गाड्या उघड्या पडलेल्या, तात्या डोक्यावर उभे, तेव्हा पाच मिनिटांत साबण घासून त्यांनी तात्यांना वाटेला लावलं होतं. आठ दिवसांत या, टाकी उतरवून नीट करू, असंही बजावलं होतं. तात्या कसले येतात! त्यांनी साबणाची एक वडी घेऊन डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि दर पंधरा दिवसांनी गोणपाट टाकून गाडीखाली शिरायला लागले. आपणच पढवलेला पोपट आता आपल्यालाच शिकवतो म्हटल्यावर चाँदभाई कुणावर चिडणार?

त्यांनी बॉनेट उघडलं आणि हात कपाळावर गेला. टाकीतनं निघालेली पत्र्याची नळी गाडीच्या पोटाखालनं पुढं येते, तिथनं पेट्रोल ओढणाऱ्या पंपापर्यंत वीतभर रबरी नळी असते. ती जागेवर नव्हतीच. तिच्या जागी पिवळी नळी होती. औषध फवारायच्या पंपाची. तात्यांना विचारलं तर म्हणाले, जुनी तडकली होती, घरातली बसवली. पेट्रोल पिऊन पिऊन ती पिवळी नळी पार कडक झाली होती, क्लिपेखाली उभी चिरली होती, आणि त्या चिरेतनं एकेक थेंब गरम इंजिनाच्या कडेनं खाली चालला होता. गाडी आचके का देत होती ते कळलं. पेट्रोलाबरोबर हवा ओढत होती.

तात्यांचा त्यावरचा खुलासा असा, की इतकं जालीम औषध त्या नळीतनं जातं, किडं मरतात, पण नळीला काही होत नाही, मग पेट्रोलानं काय होणार आहे? या बोलण्याला उत्तर काय द्यायचं तुम्हीच सांगा. इकडं शेतकऱ्याच्या घरी नळ्यांना तोटा नाही. ठिबकची नळी, फवाऱ्याची नळी, मोटारीचा पाइप. काहीही फुटो, तुकडा कापायचा, बसवायचा, पुढं चालायचं. शेतात ते चालून जातं. पाण्याच्या नळीनं फार तर चिखल होतो. चाँदभाईंनी हे समजावून सांगितलं, पहिल्यांदा सावकाश आणि दुसऱ्यांदा ओरडून, आणि दोन्ही वेळा तात्या पलीकडच्या बाभळीकडं बघत राहिले.

मग त्यांनी डिकी उघडली, आणि उघडली नसती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. पेट्रोल ओततात त्या तोंडापासून टाकीपर्यंत मनगटाएवढा जाड रबरी जोड असतो, तो डिकीच्या आतनंच जातो. त्या रबराला उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या. भेगांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि वरनं सुतळी आवळलेली. ट्यूब पेट्रोलानं फुगून लिबलिबीत झाली होती. टाकी भरली की तिथनं पेट्रोल पाझरणार, आणि त्याची वाफ जाणार कुठं? डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये काय, तर एक पुठ्ठा.

आणि त्या मागच्या सीटवर प्रयागबाई झोपल्या होत्या.

प्रयागबाई म्हणजे तात्यांच्या मालकीण. दोन्ही किडन्या गेल्याला अडीच वर्षं झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बारामतीत डायलिसिस, सकाळी आठचा नंबर. चार तास मशिनला बांधून घेतल्यावर बाईच्या अंगात बसण्याइतकंही त्राण उरायचं नाही, आडवंच व्हावं लागायचं. तात्या ही गाडी का सोडत नव्हते त्याचं खरं कारण हे होतं. अँबेसिडरची मागची सीट म्हणजे सरळ सपाट दिवाण. भावकीतल्या युवराजच्या नव्या गाडीतनं दोनदा नेऊन बघितलं होतं. त्या सीटला मध्येच उंचवटा, पट्ट्यांची बकलं बरगडीत टोचणार. दुसऱ्या खेपेला बाई गाडी थांबवून खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला मातीतच आडव्या झाल्या. त्यानंतर तात्यांनी दुसऱ्या गाडीचं नाव काढलं नाही. मुलगा दीपक पुण्यात, तो फोनवरनं रोज नवी गाडी सुचवायचा आणि तात्या रोज फोन ठेवून द्यायचे.

चाँदभाईंना हे सगळं माहीत होतं. म्हणूनच त्यांचा जीव जास्त खालीवर होत होता. पुढं बसलेला माणूस निदान दार उघडून उडी तरी टाकेल. मागं झोपलेल्या बाईला हाताला धरून उठवावं लागत होतं. ती काय करणार होती?

त्यांनी तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं की टाकी उतरवावी लागेल, धुवावी लागेल, सगळं रबर नवं घालावं लागेल, गाडी शुक्रवारपर्यंत इथंच राहील. तात्या म्हणाले, न्हाय. उघडलेली गाडी गॅरेजात महिना काढते, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं. (यात खोटं काही नव्हतं, हेच तर दुःख.) शुक्रवार चुकला तर बाईच्या अंगात पाणी साठतं, धाप लागते. चाँदभाई म्हणाले, अहो पेटाल. तात्या म्हणाले, आजवर पेटली का? आणि एवढं बोलून त्यांनी कप्प्यातनं साबण काढला, गोणपाट अंथरलं आणि सत्तरीतला तो माणूस गाडीखाली शिरायला लागला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तो असा.

चाँदभाईंच्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक. त्यांनी बॅटरीची वायर काढली, फळीवरचा चाकू उचलला आणि ती पिवळी नळी मधोमध कापली. पत्र्याच्या नळीच्या तोंडात बोळा घातला आणि नळीचे दोन तुकडे तात्यांच्या पुढ्यात टाकले.

“घ्या. आता न्या गाडी.”

तात्या गाडीखालनं बाहेर आले. त्यांनी ते तुकडे उचलले. “चाँद्या, हे काय केलंस रं?”

“शुक्रवारी सकाळी सातला गाडी तयार असंल,” चाँदभाई म्हणाले. “न्हाय झाली तर काकूंना पाठीवर घिऊन मी जातो दवाखान्यात.”

बोलायला सोपं असतं. पुढचा सगळा खेळ निस्तरताना जीभ बाहेर येते. चाँदभाईंनी पोराला, अल्ताफला, हाक मारली. त्याची शाळेच्या मुलांची व्हॅन होती. तिच्यातनं दोघांना वरकुट्याला सोडायचं ठरलं. पण प्रयागबाईंना त्या सीटवरनं उठवून व्हॅनपर्यंत आणायलाच पाव तास गेला. बाई व्हॅनच्या अरुंद बाकावर बसल्या, डोकं पुढच्या दांडीला टेकवलं आणि डोळे मिटले. चाँदभाईंना ते बघवेना. गॅरेजमागच्या घरातनं मेहबूबबी हे सगळं बघत होत्या. व्हॅन गेल्यावर त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. भांडलात कुणाशी आणि शिक्षा कुणाला!

खरं होतं. म्हणून तर जास्त लागलं.

मग चाँदभाई कामाला भिडले, आणि ते असे भिडले की दुसऱ्या गिऱ्हाइकांना दारातनंच परत पाठवायला लागले. आधी उघड्यावर, उन्हापासनं लांब, टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. टाकी धरणाऱ्या पट्ट्यांचे बोल्ट गंजून मातीत एकजीव झालेले. एक तुटला, दुसऱ्यानं हाताचं सालटं काढलं. टाकी खाली आली तेव्हा तिच्या बुडाला दोन वर्षांचा साबण थरावर थर बसलेला. तो खरवडला तर खाली एक नाही, सात भोकं. साबण पत्र्याला धरून होता की पत्रा साबणाला, सांगणं कठीण होतं. चाँदभाई स्वतःशीच बडबडत होते. शिवी कुणाला घालत होते, तात्यांना की दोन वर्षांपूर्वीच्या चाँदभाईंना, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून वाईट, हे या धंद्यात कळायला लोक एक तरी मिशी जाळून घेतात. पेट्रोल काढलं तरी वाफ आत दबा धरून असते. मंगळवारी संध्याकाळी सोड्याच्या गरम पाण्यानं टाकी धुतली, बुधवारी सकाळी पुन्हा, दुपारी पुन्हा. कथलाचा डाग द्यायला, म्हणजे कथील वितळवून भोकं बुजवायला, रेडिएटरवाला बिरू आला तो हातात पेटता दिवा घेऊनच आला. म्हणाला, तीनदा धुतली ना, मग लावतो डाग. चाँदभाईंनी त्याला दारातच अडवलं आणि असं सुनावलं की शेजारचा पंक्चरवाला उठून बघायला आला. मग बिरूनं मुकाट टाकीत पाणी भरलं, तोंडं बुजवून ती उलटी ठेवली, पाणी भोकांच्या जरा खालपर्यंत आणलं, म्हणजे आत वाफेला जागाच राहू नये, आणि मग एकेका भोकावर डाग दिला. त्याला उठायला संध्याकाळ झाली.

रबराची तऱ्हा आणखी निराळी. पेट्रोलला टिकणारी, आत जाळी असलेली नळी मिळाली, पण तो मनगटाएवढा जोड बाजारात मिळेना. एका दुकानदारानं वॉशिंग मशिनचा पाइप पुढं केला. दुसरा म्हणाला, हल्ली या गाड्या कोण चालवतं? चाँदभाईंना म्हणावंसं वाटलं की ज्यांच्या बायकांना झोपायला जागा लागते ते चालवतात. पण ते तिसऱ्या दुकानात गेले. तिथंही नाही. शेवटी सोलापूरच्या एका ओळखीच्याकडं निघाला, गुरुवारी सकाळच्या एसटीनं ड्रायव्हरच्या हातून आला आणि चाँदभाई तो घ्यायला स्वतः स्टँडवर जाऊन उभे राहिले.

गुरुवारी दुपारी टाकी चढवायच्या आधी त्यांनी मागची सीट बाहेर काढली. खालच्या काथ्यात पेट्रोल मुरलंय का बघायचं होतं. सीट उचलली आणि हातातच राहिली.

खाली काड्या होत्या. आगपेटीच्या जळक्या काड्या, दहा नाही, वीस नाही, मूठभर. त्यांच्याबरोबर उदबत्तीची लाल बुडखी आणि राखेच्या बारीक वळ्या. दाराच्या बाजूला, सीटच्या शिवणीत, उदबत्ती खोचून खोचून एक काळं छिद्र पडलं होतं. तिथनं तो पाझरता रबरी जोड हातभर लांब.

चाँदभाई सीट खाली ठेवून तिथंच जमिनीवर बसले. “या अल्ला,” एवढंच तोंडातनं आलं. उदबत्ती एक वेळ सोडा, ती धुमसते. पण काडी! पेट्रोलच्या वाफेनं भरलेल्या त्या डब्यात बसून कुणीतरी काडी ओढत होतं, एकदा नाही, महिनोन् महिने. हे दोघं आज जिवंत होते ती कुणाची कृपा, हे त्यांना कळेना.

आणि मग भीती उतरली तसा संताप चढला. म्हणजे तात्यांना वास येत होता! तोंडानं म्हणायचं कुठला वास, आणि तो दडपायला गुपचूप उदबत्ती लावायची. नळी बदलायची नाही, टाकी उतरवायची नाही, पण वासावर चंदन फिरवायचं. चाँदभाईंनी फोन लावला आणि हॅलो म्हणायच्या आधी सुरुवात केली. तात्या पलीकडनं एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, की मी गाडीत कधी उदबत्ती लावली नाही. चाँदभाई म्हणाले, मग काय भुतानं लावली? तात्यांनी फोन ठेवला. चाँदभाईंनी पुन्हा लावला, त्यांनी उचलला नाही.

संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहिली. टाकी, दोन्ही टोकांच्या नळ्या, नवा जोड, नव्या क्लिपा, सगळं जागच्या जागी. मग मुद्दाम तोंडापर्यंत पेट्रोल भरलं, कारण वरचा जोड गळतो की नाही ते अर्ध्या टाकीवर कळत नाही. डिकी बंद केली आणि तासानं मागं बसून चाँदभाईंनी छाती भरून श्वास घेतला. जुन्या काथ्याचा वास, धुळीचा वास, आणि बस्स. बऱ्याच वर्षांत त्यांना आपल्या कामाचं इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि तात्यांवरचा राग मात्र होता तिथंच होता.

शुक्रवारी सकाळी सातला अल्ताफनं दोघांना आणलं. प्रयागबाई मेहबूबबींनी टाकलेल्या खुर्चीवर बसल्या. चेहरा सुजलेला, पायाला सूज. तात्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले, वाकून खाली बघितलं, आणि आता काही तरी खोट काढणार इतक्यात चाँदभाईंनी कागदाची पुडी त्यांच्यापुढं बॉनेटवर उलटी केली. काड्या आणि बुडखी घरंगळली.

“हे काय हाय तात्या?”

तात्या बघत राहिले. त्यांनी एक काडी उचलली, उलटीसुलटी केली. मग शांतपणे म्हणाले, की आई भवानीची शपथ, माझं हे काम न्हाय. चाँदभाई उसळले. एवढे पुरावे समोर असताना माणूस शपथ घेतो! वास येत नव्हता तर उदबत्ती कशाला, आणि येत होता तर दोन वर्षं माझ्याशी भांडलात कशाला, दोहोंपैकी एक काहीतरी सांगा.

“त्यांना कशापायी बोलताय?” खुर्चीवरनं आवाज आला. “मी लावत हुते.”

सगळे वळले. प्रयागबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

दवाखान्यात गेल्यावर तात्या चाकाची खुर्ची आणायला आत जातात, आणि निघताना औषधं आणायला जातात, तेव्हा लावते, असं त्या सांगायला लागल्या. आवाजात तक्रार नव्हती, घरातलं एखादं काम सांगावं तसं सांगत होत्या. पेट्रोलाच्या वासानं मळमळतं. मशिनवरनं उतरल्यावर तर पोट ढवळून येतं, आणि ओकारी आली तर वर पाणी पिऊन चालत नाही, दिवसाचं पाणी मोजूनच मिळतं. उदबत्ती लावली की घटकाभर बरं वाटतं. यांना तर तपकिरीपायी कशाचाच वास येत नाही, तेव्हा कळायचाही प्रश्न नव्हता.

तात्या हातातली काडी बघत उभे होते. चाँदभाईंनी आवाज उतरवून विचारलं, की काकू, मग सांगितलं का नाही? एका शब्दानं तरी बोलायचं होतं.

“काय सांगू?” प्रयागबाई म्हणाल्या. “मानूस सत्तरीत माझ्यापायी आठवड्याचं दोन दिवस चाकावर बसतंय. पहाटं उठून गाडी पुसतंय, साबन लावायला भुईवर पालतं पडतंय. त्यात मी मागं झोपून म्हनू, की तुमच्या गाडीला वास येतो?” त्या थांबल्या, दम खाल्ला. “आन चाँदभाई, तुमाला तर वास येत हुता. तुमी साबन लावून दिला, तवा मागं कोन बसतंय, इचारलं का?”

चाँदभाईंना वाटलं, तिथंच गाडीखाली शिरावं आणि बाहेर येऊच नये. दोन वर्षं ते तात्यांना बेअक्कल म्हणत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि त्यातला अर्धा चोर गॅरेजात कमरेवर हात ठेवून उभा होता. ते एवढंच म्हणू शकले, की काकू, चुकलं माझं.

अल्ताफनं घड्याळाकडं बोट केलं. आठचा नंबर होता. मेहबूबबींनी आणि अल्ताफनं दोन्ही बाजूंनी धरून प्रयागबाईंना मागच्या सीटवर नेलं, पाय आत घेतले, दार लावलं. तात्या पुढं जाऊन बसतील असं सगळ्यांना वाटलं. ते बसले नाहीत. ते मागच्या खिडकीशी गेले आणि काचेच्या कडेवर हात ठेवून वाकले.

“वास येतोय का?”

“न्हाय,” प्रयागबाई म्हणाल्या. “आता न्हाय.”

“येत असला तर सांगत जा.”

“तुमी इचारत जावा.”

तात्यांनी काचेवरचा हात काढला, टोपी सरळ केली. मग तात्या पुढं येऊन बसले. किल्ली फिरवली, इंजिन एका दमात लागलं, एक आचका नाही. पण गाडी हलली नाही. तात्यांनी इंजिन तसंच चालू ठेवलं, मान मागं वळवली आणि विचारलं,

“डोस्क्याखाली उशी पायजे का?”

“पायजे,” प्रयागबाई म्हणाल्या. “पैल्या दिवसापासनं पायजे हुती.”

मेहबूबबी उशी आणायला घरात गेल्या.